एका तासात घावणारा गुन्हेगार: ‘सीआयडी’ वीस वर्षं का टिकली आणि कशी ओसरली

२०२४ च्या डिसेंबरात मराठवाड्यात ‘सीआयडी’ हा शब्द एकाच वेळी दोन बाजूंनी घरात आला. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा ९ डिसेंबरला अमानुष खून झाला आणि काही दिवसांत तपास सीआयडीकडे गेल्याची बातमी आली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला, खुनांचा तपास करणाऱ्या पोलिसांच्या पथकाची, सहा वर्षं बंद असलेली ‘सीआयडी’ मालिका पुन्हा सुरू झाली. सकाळच्या पेपरात सीआयडी, रात्री टीव्हीवर सीआयडी. सातवीतल्या पुतण्यानं मला विचारलं, “काका, दया बीडला येणारंय का?”

मला हसू आलं नाही, कारण हाच प्रश्न मोठी माणसं वेगळ्या शब्दांत विचारत होती. पारावर एक जण म्हणाला, “सीआयडी आली ना, मंग आठ दिसात लागतंय सगळं.” त्या आठ दिवसांच्या भरवशाचं मूळ कोणत्याही सरकारी कागदात नाही. ते त्या मालिकेत आहे. एका मालिकेनं आमच्या भागातल्या माणसाच्या मनात न्यायाची एक पूर्ण कल्पना उभी केली. हे तिनं कसं साधलं आणि मग तिची पकड का सुटली, ते नीट उलगडून बघावं म्हणून हा लेख.

## खरी सीआयडी कोणती?

सीआयडी म्हणजे राज्य गुन्हे अन्वेषण विभाग. तो महाराष्ट्र पोलिसांचाच एक भाग आहे आणि त्याचं मुख्यालय पुण्यात आहे. गुन्हा घडला की तो आधी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात दाखल होतो आणि तपासही तेच ठाणं करतं. प्रकरण गंभीर, गुंतागुंतीचं किंवा वादाचं झालं, तर सरकार, वरिष्ठ अधिकारी किंवा न्यायालय ते सीआयडीकडे देऊ शकतं. कोठडीतल्या मृत्यूंचा तपासही त्यांच्याकडे जातो. रस्त्यात प्रेत सापडलं आणि दहा मिनिटांत सीआयडीची गाडी आली, असं होत नाही. मालिकेतली मंडळी जे काम करतात ते खरं तर मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेच्या जवळचं आहे.

दुसरी गोष्ट मालिकेतल्या पथकाच्या प्रमुखाची, म्हणजे एसीपीची. एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. जिथे पोलीस आयुक्तालय असतं तिथेच हे पद असतं. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत आयुक्तालय फक्त छत्रपती संभाजीनगर शहरात आहे. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव, बीड, जालना इथे पोलीस अधीक्षक असतात आणि त्यांच्या हाताखाली उपविभागीय अधिकारी, ज्यांना आपण डीवायएसपी म्हणतो. म्हणजे आमच्या गावातल्या लेकराबाळांना तोंडपाठ असलेलं पोलिसाचं पद आमच्या जिल्ह्यात मुळात नाहीच.

## हिंदी मालिका, पण मुळं मराठी

‘सीआयडी’ सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली. निर्माते बी. पी. सिंग. ते पूर्वी दूरदर्शनवर कॅमेरामन होते. त्यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनसाठी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका केली होती. शंभर हा पोलिसांना बोलवायचा नंबर, त्यावरून नाव. मुंबई पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर ती बेतलेली होती आणि तिच्यात शिवाजी साटम होते. पुढे तेच एसीपी प्रद्युम्न झाले. तपासाची सावकाश, एकेक धागा ओढत जाणारी पद्धत ‘सीआयडी’ला तिथूनच मिळाली.

आदित्य श्रीवास्तव यांचा अभिजीत, दयानंद शेट्टी यांचा दया, नरेंद्र गुप्ता यांचे प्रयोगशाळेतले डॉ. साळुंखे, दिनेश फडणीस यांचे फ्रेडरिक्स. आमच्याकडे ही नावं सांगावी लागत नाहीत. साटम, साळुंखे, फडणीस ही आपल्यातलीच वाटणारी नावं. भाषा हिंदी होती खरी, पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्याला ती परकी कधीच नव्हती. आठवडी बाजारात बागवानाशी भाव करताना आमची आजी जी बोलते ती हिंदीच. त्यामुळे ‘कुछ तो गड़बड़ है’ तिला कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

२७ ऑक्टोबर २०१८ ला पहिला डाव थांबला तेव्हा १,५४७ भाग झाले होते.

## भारनियमन आणि एका बैठकीची गोष्ट

मालिकांचे ढोबळ दोन प्रकार असतात. एक धारावाहिक: आजची गोष्ट उद्यावर, उद्याची परवावर. दुसरा एकेका भागात गोष्ट संपवणारा: माणसं तीच, प्रकरण मात्र दर वेळी नवं. ‘सीआयडी’ मुख्यतः दुसऱ्या प्रकारची.

शहरात बसून हा फरक किरकोळ वाटेल. २००६-०७ च्या सुमारास परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात तो फार मोठा होता. तेव्हा भारनियमन असं होतं की दिवसातला अर्धा वेळ वीज नसायची आणि रात्री कधी जाईल याचा नेम नव्हता. सासू-सुनेच्या रोजच्या मालिकेचे चार भाग बुडाले की पाचव्याला काहीच कळेना. ‘सीआयडी’चा मागचा भाग बुडाला तरी आजचा कोरा करकरीत. बाजारातून एक ताजं वांगं आणून भाजी करावी तसं. मागच्या आठवड्याच्या उधारीशी त्याचा संबंध नाही.

आमच्या गल्लीत टीव्हीची पहिली छत्री बसली ती शिवाच्या दुकानात. वीज गेली की शिवा ट्रॅक्टरची बॅटरी ओढत आणायचा. लाल चिमटा एका टोकाला, काळा दुसऱ्या टोकाला, आणि चौदा इंची टीव्हीवर चित्र आधी आकसायचं, मग हळूहळू फुलायचं. बॅटरी उतरत आली की पडद्याच्या कडा आत यायला लागायच्या आणि एसीपींचा चेहरा लांबोळका व्हायचा. अशा वेळी कुणी बोलत नसे. सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे: गुन्हेगार आधी सापडतो की बॅटरी आधी उतरते.

## सप्ताहातल्या काल्याला लोक का जातात?

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. दर वेळी तेच. प्रेत, मग हातांची बोटं फिरवणारे एसीपी, मग लाथेनं तुटणारं दार, मग प्रयोगशाळा, मग कानाखाली आणि कबुली. असं ठरलेलं बघण्यात काय गंमत?

याचं उत्तर आमच्या भागात तरी सोपं आहे. नामदेवांचं नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, नाथांचं पैठण हा सगळा मराठवाडा. गावोगाव सप्ताह बसतो आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. कृष्ण हंडी फोडणार हे माहीत नसलेलं माणूस त्या मांडवात शोधून सापडणार नाही. तरी गर्दी त्याच दिवशी सगळ्यात जास्त. लोक येतात ते आजचे महाराज त्या हंडीपर्यंत कोणत्या वाटेनं नेतात हे बघायला. आणि चाल ओळखीची असते म्हणून टाळकऱ्यांबरोबर म्हणता येते.

‘दया, दरवाज़ा तोड़ दो’ हे असंच पालुपद होतं. ते आलं की शिवाच्या दुकानातली पोरं एका सुरात म्हणायची आणि म्हातारी माणसं मान डोलवायची. पालुपदाचं काम नवीन माहिती देणं नसतं. तुम्ही योग्य ठिकाणी आहात, गाडी रुळावर आहे, एवढं ते सांगतं.

पण एक भेद लक्षात ठेवावा लागेल, कारण पुढे घसरण तिथूनच सुरू झाली. काल्यात शेवट माहीत असतो. रहस्यकथेत ‘गुन्हेगार सापडणार’ एवढंच माहीत असतं, ‘कोण’ ते माहीत नसतं. एक भरवसा आणि एक कुतूहल अशा दोन चाकांवर ही गाडी चालते. एक चाक निघालं तरी ती बसते.

## आमच्या विहिरीवरची मोटार

भरवशाचं चाक किती मोठं होतं हे कळायला घरची एक गोष्ट सांगतो.

२००३ च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची पाच एचपीची मोटार चोरीला गेली. केबल कापून, पाइप तसाच लोंबत सोडून. आजोबा तालुक्याच्या ठाण्यात चार वेळा गेले. पहिल्यांदा ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’, दुसऱ्यांदा ‘मोटारीची पावती आणा’, तिसऱ्यांदा फिर्याद घेतली, चौथ्यांदा ‘तपास चालू आहे’. पुढे काही महिन्यांनी एक कागद आला. त्यावर ‘अ समरी’ असं होतं.

हा शब्द महाराष्ट्रात हजारो घरांत पोचतो आणि बहुतेकांना कळत नाही. समरी म्हणजे तपास बंद करताना पोलिसांनी न्यायालयाला दिलेला अहवाल. ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी निघाली. ‘क’ म्हणजे गैरसमजातून दिलेली, किंवा प्रकरण दिवाणी स्वरूपाचं. आणि ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा आहे, पण कुणी केला ते सापडलं नाही.

तुमचं म्हणणं खरं आहे, पण आम्हाला कोणी सापडलं नाही. हे लिहून मिळालेल्या माणसानं त्या कागदाचं काय करायचं? आजीनं तो घडी घालून ट्रंकेत ठेवला, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली. आणि शुक्रवारी रात्री ‘सीआयडी’ बघताना ती दोन-तीनदा अगदी मनापासून म्हणाली होती, “आपली मोटारबी ह्यांनाच सांगायला पायजे होती.”

‘सीआयडी’च्या जगात ‘अ समरी’ नावाचा कागद नाही. तिथे एसीपी फिर्यादीला पावती मागत नाहीत. श्रीमंताचा मुलगा असो की बंगल्याचा मालक, तासाभरात समोर उभा राहतो. गरीब बाईचा खून झाला म्हणून कुणी दुय्यम अधिकारी पाठवत नाही. सगळी टीम येते. ज्यांच्या आयुष्यात असं कधी घडलं नाही त्यांनी ते दर आठवड्याला बघितलं, तर त्याला नुसती करमणूक म्हणता येत नाही. शहरातल्या समीक्षकांनी या मालिकेला साधी-भोळी म्हणून बाजूला सारलं. माझ्या मते त्यांना हे चाक दिसलंच नाही.

## “पण ते सगळं खोटंच होतं ना?”

बरंच होतं. आणि ते नीट कळलं तर खरी बातमी वाचतानाही उपयोग होतो.

डॉ. साळुंखे प्रेताकडे बघून सांगतात, मृत्यू रात्री दहा ते अकराच्या दरम्यान झाला. खरं शास्त्र इतकं नेमकं बोलत नाही. मृत्यूनंतर शरीर हळूहळू थंड होतं, स्नायू आधी ताठरतात आणि मग सैल पडतात, पोटातलं अन्न किती पचलंय ते दिसतं. या सगळ्यावरून काही तासांचा अंदाज बांधता येतो. आता आमच्याकडचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. माणसाच्या शरीराचं तापमान ३७ अंश आणि परभणीची दुपार ४२-४३ ची. बाहेरची हवाच शरीरापेक्षा गरम असेल तर शरीर थंड होणार कसं? अशा उन्हात पडलेलं प्रेत गारही होत नाही, आणि ताठरपणा लवकर येऊन लवकर जातो. मुंबईच्या वातानुकूलित खोलीतला हिशेब इथे बांधावरच्या लिंबाखाली लागू होत नाही.

शिवाय आपल्याकडे शवविच्छेदन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी करतात. प्रयोगशाळा वेगळी असते. पेपरात आपण वाचतो, ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे’. व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने. विषबाधेचा संशय असेल तर ते बरणीत, मोहोरबंद करून, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे पाठवतात. मराठवाड्यात अशी प्रयोगशाळा छत्रपती संभाजीनगरला आहे, नांदेडलाही आहे. ठिकठिकाणचे नमुने तिथे रांगेत लागतात. जाहिरातीच्या ब्रेकनंतर अहवाल येत नाही, आठवडे जातात, कधी महिने.

दुसरी बाब कबुलीची. मालिकेत कानाखाली बसते, आरोपी सगळं सांगतो आणि एसीपी म्हणतात आता तुला फाशी होणार. न्यायालयात यातलं काहीही टिकत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा धरला जात नाही. इंग्रजांच्या १८७२ च्या कायद्यातही तेच होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तेच आहे. कारण उघड आहे: कोठडीत मारून काहीही वदवून घेता येतं. आरोपीनं सांगितल्यावरून जर हत्यार सापडलं, तर तेवढा भाग चालतो. बाकी कबुली द्यायची तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे, त्यांनी आधी सावध केल्यावर. आणि फाशी सुनावणं हे पोलिसांचं कामच नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये घालून दिलेल्या कसोटीप्रमाणे ती दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात, न्यायाधीश देतात.

मग अशा मालिकेनं नुकसान केलं का? थोडं केलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पोलिसांच्या हातची थप्पड म्हणजे तपास, ही समजूत तिनं घट्ट केली. पण दुसरीही एक गोष्ट केली. घटनास्थळाला हात लावू नये, बोटांचे ठसे असतात, केसाच्या तुकड्यावरून माणूस ओळखता येतो, हे आमच्या गावात शाळेच्या पुस्तकाआधी या मालिकेतून पोचलं. आज नव्या फौजदारी कायद्यांत सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं, अशी तरतूद आहे. राज्यांना त्यासाठी मुदत दिलेली आहे. ही तरतूद गावातल्या माणसाला पटकन पटते, कारण तज्ज्ञ येतो म्हणजे काय हे त्यानं वीस वर्षं बघितलंय.

## टीआरपी: शितावरून भात, पण कोणत्या पातेल्यातला?

टीआरपी म्हणजे कोणता कार्यक्रम किती घरांत बघितला जातो त्याचा आकडा. देशातल्या सगळ्या टीव्हींना मीटर लावता येत नाही, म्हणून काही हजार घरं निवडून तिथे लावतात. त्यांच्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज. शितावरून भाताची परीक्षा, तसंच. जाहिरातदार तो आकडा बघून पैसे देतो, पैशावर मालिका चालते.

पद्धत चुकीची नाही. पण शीत त्याच पातेल्यातलं हवं. अनेक वर्षं ही मोजणी शहरांपुरती होती. खेड्यांचे आकडे नियमित धरायला सुरुवात झाली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये, बार्क या संस्थेनं मोजणी हाती घेतल्यावर. याचा अर्थ असा की शिवाच्या दुकानात पस्तीस माणसं श्वास रोखून बसायची तेव्हा त्या पस्तिसांची किंमत हिशेबात शून्य होती. मालिका चालली ती शहरांच्या जिवावर, आमचा जीव मात्र कुणी मोजला नाही. आणि मोजायला लागले तेव्हा ते दुकान रिकामं होत चाललं होतं.

## आजीची पद्धत, आणि कुतूहलाचं चाक कसं निघालं

आता घसरणीकडे. आजी शाळेत गेलेली नाही, पण खुनी ओळखण्यात गल्लीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुरुवातीला ती माणसाच्या वागण्यावरून ओळखायची. “त्यो मेहुणा बघ. सख्खा भाऊ गप बसलाय आन् हा लई रडायलाय.” हे खरं निरीक्षण. गावातल्या मयतीत शंभरदा बघितलेलं.

पुढे पुढे तिची पद्धत बदलली. “ज्याच्यावर कुणालाच संशय येईना त्यो असतोय.” किंवा, “ह्या बाईला उगंच कशाला आणलं असतं एवढ्या वेळा?” म्हणजे ती आता गुन्ह्याचा तपास करत नव्हती. लेखकाचा तपास करत होती. खून कोणी केला यापेक्षा लेखक आज कोणाच्या गळ्यात घालणार, हे ती ओळखायची आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखायची.

कोणत्याही रहस्यमालिकेचा हा आजार आहे. एका घरात चार-पाच संशयित, एक मालमत्ता, एक जुनं प्रेम, एक विमा. या सामानाची जुळवाजुळव किती प्रकारे होणार? त्यात भार वाढला. आधी आठवड्याला एक भाग, मग दोन, पुढे काही काळ तीन. एका गाईचं दूध चार घरांना रतीब घालायचं ठरवलं तर पाणी येणारच. २००४ मध्ये याच मंडळींनी एकही तुकडा न पाडता १११ मिनिटांचा सलग भाग चित्रित केला आणि तो विक्रम म्हणून नोंदला गेला. म्हणजे कसब होतं. वेळ उरला नाही.

मग नवेपणासाठी अचाट यंत्रं आली, भुताटकीचे बंगले आले, वेशांतरं आली. डॉ. साळुंखे यांची प्रयोगशाळा काहीही सांगू लागली. इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट बिघडली. कोडं सोडवताना बघणाऱ्यालाही तेच धागे मिळायला हवेत जे पोलिसांना मिळतात. पत्त्यांच्या डावात समोरच्यानं मध्येच खिशातून हुकमाचं पान काढलं तर आपण पुढचा डाव खेळत नाही. यंत्रानं शेवटच्या पाच मिनिटांत उत्तर दिलं की आजी चिडायची. “हे आधी कुठं दाखवलं व्हतं?” तिच्या दृष्टीनं ती फसवणूक होती, आणि तिचं बरोबर होतं.

## “मोबाइलनं मारली, एवढंच खरं”

हा दुसरा मोठा आक्षेप. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, पोरं एकेकटी पडद्यात शिरली. यात तथ्य आहे. ही मालिका मुळात चार माणसांनी मिळून बघायची. पैजा लावायच्या, कुणीतरी चुकायचं, कुणीतरी मिशीला ताव द्यायचा. कानात वायर घालून पालुपद म्हणता येत नाही.

पण मोबाइलनं दुसऱ्या वाटेनंही घाव घातला, त्याबद्दल कमी बोललं जातं. खरा तपासच बदलला. आज गुन्हा घडला की पोलीस आधी सीडीआर काढतात. सीडीआर म्हणजे कोणत्या नंबरवरून कोणाला, कधी, किती वेळ फोन झाला याची कंपनीकडची नोंद. फोन त्या वेळी कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता तेही कळतं. पेट्रोल पंपाचा, टोलनाक्याचा कॅमेरा बघतात. रोजच्या पेपरात हे शब्द येतात आणि आता गावातलं शेंबडं पोरही विचारतं, “लोकेशन काढलं का?” अशा माणसाला बंगल्यात सापडलेल्या तुटक्या बटणावरून खुनी शोधणं पटायचं कसं? आणि टॉवर लोकेशननं दहाव्या मिनिटाला उत्तर दिलं तर उरलेली पन्नास मिनिटं दाखवायचं काय?

त्यातच मालिकेतली वाक्यं मोबाइलवर थट्टेची झाली. यामुळे नाव घरोघरी राहिलं, अगदी मालिका न बघितलेल्या मुलांतही. मला मात्र ते बघवत नाही. ज्या माणसाच्या हाताच्या हालचालीवर पस्तीस जण गप्प बसायचे, त्याच हालचालीचं चित्र सुप्रभातच्या संदेशासारखं फिरायला लागलं, की त्या तासातला धाक जातो. धाक गेला की भरवसाही पातळ होतो.

## एसीपी गेले, एसीपी आले

२०१८ मध्ये मालिका थांबली तेव्हा वाहिनीनं त्याला मध्यंतर म्हटलं. मध्यंतर सहा वर्षांचं झालं. त्या काळात, २०२३ च्या डिसेंबरात, दिनेश फडणीस गेले. आमच्याकडे त्या दिवशी लोक ‘फ्रेडरिक्स गेला’ म्हणून एकमेकांना फोन करत होते, घरातलं कुणी गेल्यासारखं.

२०२४ ला मालिका परतली ती अभिजीत दयावर गोळी झाडतो अशा जाहिरातीनं. एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न यांचा मृत्यू दाखवला, वाहिनीनं श्रद्धांजलीही वाहिली. लोकांना खरंच वाईट वाटलं. थोड्याच काळात साटम परत दिसले.

आनंद झाला, पण त्याबरोबर काहीतरी हललंही. आता गोष्ट अधिकाऱ्यांची झाली होती: कोणाचं कोणाशी वैर, कोण मेलं, कोण परत आलं. जे प्रेत घेऊन एखादी बाई न्याय मागायला यायची ती बाई मागे पडली. आणि सरपंचांच्या खऱ्या मृत्यूनंतर काही महिन्यांत खोटा मृत्यू मागे घेतला जातो हे मस्साजोगच्या शेजारच्या जिल्ह्यात बसून बघणं सोपं नव्हतं. रहस्यमालिकेत एक मृत्यू तरी पक्का असावा लागतो. तो आहे म्हणून तर तपास आहे.

नव्या डावाचा पहिला भाग आम्ही घरीच बघितला. शिवाचं दुकान आता मोबाइल रिचार्जचं आहे. वीज होती, टीव्ही चव्वेचाळीस इंची, पुतण्या एका डोळ्यानं पडद्याकडे आणि एका डोळ्यानं हातातल्या फोनकडे. आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. ती पहिल्या ब्रेकपर्यंत ताठ बसली होती, एसीपींना बघून “म्हातारं झालंय गं बाई” म्हणाली, आणि दुसऱ्या ब्रेकनंतर बसल्या जागी तिचा डोळा लागला.

सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ती अंगणात सुपात तूर निवडत होती. मान वर न करता विचारलं, “घावला का?”

“घावला,” मी म्हणालो.

तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुढची तूर सुपात ओढली.